दहातला माझा कोणता

सर, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. नाव पुकारलं होतं माझं. मी मान हलवून नाही म्हटलं, तर सगळ्यांना वाटलं हिला भरून आलंय, बिचारी. शेजारच्या बाईंनी माझा हातसुद्धा दाबला. भरून वगैरे काही आलं नव्हतं, संतापाने तोंड उघडत नव्हतं. समोर तुमचा फोटो, त्याला हार, आणि एकामागून एक लोक उठून सांगतायत की सर किती मृदू, सर विद्यार्थ्यांना किती जपायचे. मृदू! ज्या सेमिनार हॉलमध्ये हे चाललं होतं त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यापुढे उभं करून तुम्ही चार वर्षांपूर्वी माझी सालटी काढली होतीत. निम्मे लोक तेव्हाही हजर होते. आता तेच रुमाल काढून बसले होते.

स्मरणिकेसाठी एक पान लिहून द्या, विभागातले म्हणाले. हे ते पान. ते छापणार नाहीत, आणि न छापोत, कारण हे त्यांच्यासाठी नाहीच. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं माझी आई म्हणते. माझं चांगलं बोलून झालंय सर, तुम्ही जिवंत असताना, बारा वर्षं, ज्याला त्याला धरून.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझं मराठी काढलंत. मी म्हटलं, "सर, मी सकाळपासून तुमची वाट बघून राहिले." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

"बघून राहिले नाही. बघते आहे. हे कुठलं मराठी?"

"इंदूरचं, सर. पाच पिढ्यांचं."

"पाच पिढ्यांत सुधारलं नाही," म्हणालात आणि फाइल उघडलीत. साताऱ्याहून येऊन तुम्हाला इथे तीस वर्षं होत आली होती. बायको इथली, घर सुदामा नगरात, जेवणात शेव नसली तर तुमचा घास उतरायचा नाही. तरी शेवटपर्यंत पाहुण्यासारखे राहिलात, नाक वर करून.

मग तुम्ही टेबलावर दहा कागद मांडलेत. प्रत्येकावर एक नागमोडी रेघ, वर-खाली, वर-खाली. ना वर्षं लिहिलेली, ना आकडे. म्हणालात, "यातली एक रेघ खरी आहे. पॅसिफिकचं पाणी कधी तापतं, कधी निवतं, एल निनो आणि ला निना, त्याचा झोका. बाकीच्या नऊ मी कॉम्प्युटरकडून पाडून घेतल्या. खोटे समुद्र. त्यांना फक्त मागच्या महिन्याची थोडी आठवण आहे, पुढचं सगळं नशिबावर. खरी ओळख." मी अर्धा तास डोळे फोडले. चौथ्या कागदात मला स्पष्ट दिसलं की झोका मोठा होत चाललाय. मी चौथ्यावर बोट ठेवलं. खोटा निघाला. "बघ," तुम्ही म्हणालात, "नसलेला ट्रेंड तुला दिसला. समुद्र काही बोलत नसतो. आपणच बोलतो आणि आवाज त्याचा समजतो."

आम्ही पोरं त्याला ओळखपरेड म्हणायचो. तुमच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ती द्यावी लागायची आणि प्रत्येक जण पडायचा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही इतकी खूश होते. इतकं खरं मला कोणी शिकवलंच नव्हतं तोवर. कॉलेजात सगळे ग्राफ दाखवून सांगायचे, हे बघा वाढतंय, हे बघा घटतंय. तुम्ही पहिले भेटलात ज्यांनी विचारलं, कशावरून? त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. तेवढ्याबद्दलच, आणि हे मी दात-ओठ खाऊन लिहितेय.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते बारा वर्षं चाललं. किती वर्षांचा डेटा पुरे? हा झोका खरंच रुंदावतोय की नुसता आपल्याला तसा दिसतोय, हे सांगायला किती थांबायचं? तुमचं उत्तर ठरलेलं: "अजून." मी विचारायचे, अजून म्हणजे किती? "आपण दोघं मेल्यावर साधारण पुरेसा होईल." मग आपण इथे भजी तळायला बसलोय का, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, भजीसुद्धा तेल तापल्याशिवाय टाकत नाहीत. हसले मी. तेव्हा हसायचे.

सांवेरची ती सभा आठवते? शेतकऱ्यांपुढे हवामानावर बोलायला आपल्याला बोलावलं होतं. तुम्ही पाऊण तास एल निनो समजावलात, शुद्ध हिंदीत, घाम पुसत. मागून एक काका उठले. "साब, वो सब ठीक है। इस बार सोयाबीन की बोवनी जल्दी करें कि देर से?" तुम्ही म्हणालात, "देखिए, मैं सौ साल की बात करता हूँ। इस बार की नहीं." काका म्हणाले, "तो साब, सौ साल बाद आ जाना." सगळा मंडप हसला. मला वाटलं आता तुम्ही भडकणार. पण तुम्हीच सगळ्यांत जास्त हसलात. परतताना बसमध्ये खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा हसत होतात, "सौ साल बाद आ जाना." त्या दिवशीचे तुम्ही मला आवडायचात. त्या हसणाऱ्या सरांचं पुढे काय झालं कोण जाणे.

माझं काम तुम्हाला पाठ होतं. जुन्या काळी जहाजावरचे लोक बादलीने समुद्राचं पाणी वर काढून तापमान घ्यायचे, मग इंजिनात येणाऱ्या पाण्याचं घ्यायला लागले, मग तरंगत्या बोयांवरची यंत्रं आली. मोजायची पद्धत बदलली की आकडा उडी मारतो, आणि ती उडी समुद्राच्या नावावर जमा होते. एकेक उडी शोधून काढून टाकायची, हे मी वर्षानुवर्षं केलं. नुसते डोळे गेले त्यात. आणि सगळं साफ केल्यावरही झोका रुंदावताना दिसत होता. मी तुमच्याकडे पळत आले. तुम्ही म्हणालात, "शेवटची वर्षं कापून बघ." कापली. तरी दिसला. "सुरुवातीची काप." कापली. "दुसऱ्या पद्धतीने गाळ." गाळलं. दर वेळी तुम्ही "हं" म्हणायचात आणि पुढचं काम द्यायचात. दोन वर्षं हे असं चाललं. मग एक दिवस मी तुम्हाला न सांगता पेपर एका जर्नलला पाठवून दिला. फक्त माझ्या नावावर.

ती माझी चूक होती. इथे लिहून देते, कारण तुमच्यासारखी मी लपवणार नाही. गाइडला न विचारता पाठवणं बरोबर नव्हतं. तुम्ही रागावला असतात, ओरडला असतात, विभागातून काढलं असतंत, मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही काय केलंत?

तुम्ही सेमिनार ठेवलात. विद्यार्थी, प्राध्यापक, बाहेरचे दोन पाहुणे. मला म्हणालात, तुझं काम सगळ्यांना दाखवू. मी नवी साडी नेसून आले, सर. पडद्यावर तुम्ही दहा रेघा लावल्यात आणि माझ्या हातात ती लाल दिव्याची कांडी दिलीत.

"शुभांगी, यातला तुझा कोणता?"

 वर्षं नाहीत, आकडे नाहीत. दोन रेघा अगदी माझ्यासारख्या दिसत होत्या. मी सातवा दाखवला.

"नाही."

मागे कोणीतरी खुसखुसलं. मी तिसरा दाखवला.

"नाही."

मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्यांना स्वतःचा निष्कर्ष दहा खोट्यांत ओळखता येत नाही, त्यांनी तो जगाला सांगू नये. बसा." मला कायम अगं-तुगं करणारे तुम्ही, बसा म्हणालात. तेवढ्या एका शब्दाने मला परकं केलंत.

मी त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल लिहून पेपर मागे घेतला. महिन्याभरात विभागातली नोकरी सोडली. पलासियात एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले, मध्य, मध्यक, बहुलक, सकाळी दोन बॅचेस, दुपारी एक. पोरं मला 'स्टॅट वाली मॅम' म्हणतात. चार वर्षं मी समुद्राचा एक आकडा बघितला नाही. तुम्ही एकदा औषधांच्या दुकानात भेटलात. "काय चाललंय?" "कोचिंग." "हं." बस. चार वर्षांत तुमच्याकडून मला मिळालेलं सगळं संभाषण एवढंच.

आजारी पडलात तेव्हा तुमच्या घरून काकूंचा दोनदा फोन आला. मी येते म्हटलं आणि आले नाही. मुद्दाम आले नाही. कामात होते वगैरे काही नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही स्वतः फोन कराल तेव्हा जाईन. तुम्ही केला नाहीत.

शोकसभेनंतर काकूंना भेटायला गेले, कारण त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. त्यांना मी फारशी ओळखतही नव्हते. तुम्ही कधी कोणाला घरी आणलं नाहीत. मला वाटलं नाव सांगावं लागेल. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "तू शुभांगी ना? ये. तुझा ग्राफ मला चांगला याद आहे."

मी चपला काढता काढता थांबले. माझा ग्राफ? मग त्यांनी पाणी देत सांगितलं. तुम्ही ओळखपरेड आधी घरी घ्यायचात. जेवण झालं की डायनिंग टेबल पुसून दहा कागद मांडायचात आणि काकूंना विचारायचात, यातला वेगळा कोणता? कारण काकूंना एल निनो म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि म्हणून त्यांना काही बघायची घाईही नव्हती. तीस वर्षं त्यांनी शाळेत शिवण शिकवलेलं. टीप कुठे वाकडी गेली हे त्यांना लांबून दिसतं. "कोणाचाच नाही ओळखला मी कधी," काकू म्हणाल्या. "सगळे सारखेच दिसायचे. मतलब, तुझा सोडून. तुझा मी फट् से काढला. यांना खरंच वाटेना. कागद उलटेसुलटे केले, दुसरे नऊ आणले, परत विचारलं. तीनदा काढला बघ."

"मग सर काय म्हणाले?"

"काही नाही. चष्मा काढून बसून राहिले. मग म्हणाले, हा उद्या ठेवत नाही."

मला कळलंच नाही. "ठेवत नाही म्हणजे?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हणजे तुझा त्या दहात नव्हताच ना गं. दहाच्या दहा खोटे. तुला माहीत नाही? मला वाटलं तुम्ही दोघं त्याच्यावरूनच भांडलात."



सेमिनारच्या दिवशी कोणीतरी पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तो मी कधी उघडला नव्हता. तिथेच, काकूंच्या सोफ्यावर बसून उघडला, सर. बोटांनी मोठा करून एकेक रेघ बघितली. नव्हता. दहात कुठेच नव्हता. माझ्यासारख्या दिसणाऱ्या दोन खोट्या रेघा तुम्ही शोधून काढल्या होत्यात, त्यासाठी किती हजार पाडून बघितल्यात कोण जाणे, आणि माझी खरी काढून ठेवली होतीत. मग मला विचारलंत, यातला तुझा कोणता.

मी काकूंना विचारलं, असं का केलं त्यांनी?  "म्हणाले की तिने सांगायला हवं होतं, यात माझा नाही म्हणून. मी वाट बघत होतो, म्हणाले. जिला स्वतःचं काम पक्कं ठाऊक आहे ती सांगेल." मग काकू जरा चिडूनच बोलल्या, "मी तर तेव्हाच म्हटलं, ये कोई परीक्षा नहीं है, ही लबाडी आहे. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

वाट बघत होतात! कुठे, सर? औषधांच्या दुकानात? मी सातवा म्हटल्यावर तुम्हाला बोलता आलं असतं. तिसरा म्हटल्यावर आलं असतं. सगळे गेल्यावर, जिन्यात, फोनवर, चार वर्षांत कोणत्याही मंगळवारी आलं असतं. मला फार तर एक शिवी बसली असती आणि मी कामाला परत लागले असते. पण तुम्हाला ते कबूल करावं लागलं असतं ना, की शिवण शिकवणाऱ्या बाईने तीनदा माझाच ग्राफ उचलला. आयुष्यभर 'अजून' म्हणत आलेल्या माणसापुढे कोणीतरी 'आता' घेऊन उभं राहिलं होतं. तुम्ही घाबरलात. भित्रे होतात तुम्ही, सर. माझी परीक्षा वगैरे नंतर सुचलेलं.

आणि तरी ते मला झोपू देत नाही, की मला दिसायला हवं होतं. ती रेघ मी लेकरासारखी वाढवली होती. तिच्यात कुठे दोन टेकड्या जवळजवळ येतात, कुठे लांब सपाट पट्टा आहे, हे मला स्वयंपाक करताना सांगता यायचं. पण तुम्ही म्हणालात 'यातला', आणि मी धरूनच चालले की आहे. सगळ्यावर संशय घ्यायला तुम्ही शिकवलंत. तुमच्यावर घ्यायला नाही शिकवलंत, आणि मीही शिकले नाही.

पुढच्या आठवड्यात मी जुनी फाइल उघडली. तेव्हा लक्षात आलं की मधली चार वर्षं मी बघितलेलीच नाहीत. म्हणजे माझा दावा आधीचा, आणि हे आकडे नंतरचे. याहून चोख कसोटी तुम्हीसुद्धा मागितली नसती. मी नवे आकडे जोडले, रेघ पुढे नेली.  खरा निघाला तर मी तुमच्या फोटोपुढे जाऊन तो कागद चिकटवणार होते.

सर, नीट ऐका. झोका थोडा आखडला. फार नाही. पण चार वर्षांपूर्वी जो उघड दिसत होता तो आता तितका उघड नाही.

मी नऊ खोट्या रेघा पाडल्या, माझी मिसळली, सगळ्यांच्या मागे बारीक नंबर टाकले आणि काल सुदामा नगरला गेले. काकूंनी टेबल पुसलं. मी पाठ फिरवून उभी राहिले, त्यांनी कागद पिसून मांडले. बराच वेळ झाला. पंख्याने कागद उडायला लागले तर त्यांनी वर चमचे ठेवले. शेवटी आठ कागद बाजूला केले आणि दोन पुढे ओढले. "या दोघांतला एक," म्हणाल्या. "पण कोणता ते नाही सांगता येत गं आता. सॉरी."

म्हणजे अजून थांबायचं. तुम्ही लबाडी केलीत आणि वर बरोबरही निघालात, निदान आजच्या तारखेला. कोणाशी भांडू मी आता? मला इतका राग आला की मी त्या टेबलावर डोकं टेकून रडले. शोकसभेत नाही रडले ते इथे रडले. काकू पाठीवर हात फिरवत होत्या, त्यांना वाटलं तुमच्यासाठी. थोडं असेलही.

मग डोळे पुसून ते दोन कागद बघितले. काही करायचं म्हणून नाही, नुसते समोर होते म्हणून. आणि मी म्हटलं, "काकू, डावीकडचा माझा."

"असं कसं? मी तर पिसून ठेवलेत."

"माझाच आहे. उलटा करून नंबर बघा."

त्यांनी उलटा करून नंबर मला दाखवला. माझाच होता.

तो ट्रेंड खरा आहे की नाही ते मला माहीत नाही. कदाचित मी मेल्यावर कळेल. पण दहात तो मला ओळखता येतो, आणि नसला तर नाही म्हणताही येईल. कोचिंगवाल्यांना मी आज सकाळी सांगून आले, ही बॅच शेवटची. 'यात माझा नाही', हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला माझ्या तोंडून, त्या दिवशी, सगळ्यांसमोर? तर मग अजून थोडा दम धरायचा होतात. मी आता तयार आहे आणि तुम्ही नाही आहात, आणि सेमिनारचं एक वेळ विसरेन सर, पण हे तुम्हाला मी कधीच माफ करणार नाही.